अँटिबॉडी लावलेले लेटेक्स बीड्स: पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी, नागपूरच्या उन्हाळ्यासकट

पावसाळ्यात ताप अंगात मुरला की नागपूरच्या धंतोलीतले डॉक्टर रक्ताच्या यादीत हमखास ‘सीआरपी’ लिहितात, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, जंतुसंसर्ग झाला की रक्तात वाढणारं प्रथिन. मोठ्या लॅबमध्ये ही तपासणी आता मशिनवर होते, पण छोट्या लॅबमध्ये ती अजूनही काळ्या स्लाइडवर दोन थेंब मिसळून केली जाते. एक थेंब पेशंटच्या सिरमचा (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव), दुसरा दुधाळ पांढऱ्या लेटेक्सचा. दोन मिनिटं स्लाइड हलवायची. दूध फाटल्यासारखे बारीक कण, म्हणजे गुठळी, दिसली तर पॉझिटिव्ह, दूध तसंच राहिलं तर निगेटिव्ह.

त्या दुधाळ थेंबात पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे कोट्यवधी गोल कण (बीड्स) असतात आणि प्रत्येकाला अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूच पकडणारं प्रथिन, चिकटवलेली असते. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीचे विद्यार्थी किटमधली बाटली वापरतात, पण ती बनते कशी हे क्वचितच करून पाहतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. कोटिंग करणं फारसं अवघड नाही. अवघड असतं ते खरी गुठळी आणि खोटी गुठळी यांतला फरक ओळखणं. लेखाचा बराचसा भाग म्हणूनच त्याला दिला आहे.

थेंबात होतं काय

आयजीजी या रक्तातल्या नेहमीच्या प्रकारच्या अँटिबॉडीला दोन हात असतात. बीडवर बसलेल्या अँटिबॉडीचा एखादा हात सीआरपीच्या रेणूला धरतो आणि त्याच रेणूची दुसरी बाजू शेजारच्या बीडवरची अँटिबॉडी धरते. असे पूल जोडत गेले की जाळं तयार होतं आणि ते डोळ्यांना दिसतं. पूल बांधता येण्यासाठी लक्ष्याला एकाहून जास्त ठिकाणी पकडता आलं पाहिजे. सीआरपी पाच सारख्या उपघटकांचा बनलेला असतो, त्यामुळे शिकण्यासाठी तो सोयीचा. एखादा छोटा संप्रेरक किंवा औषधाचा रेणू असा पूल बांधू शकत नाही. त्यासाठी वेगळी मांडणी लागते, तिच्यात आत्ता शिरू नका.

सीआरपीचा शोध १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांनी लावला. लेटेक्सच्या कणांवर प्रथिन चढवून संधिवाताची तपासणी सिंगर आणि प्लॉट्झ यांनी १९५६ मध्ये मांडली. तिच्यात बीडवर साधं मानवी आयजीजी होतं आणि शोध होता पेशंटच्या रक्तातल्या रुमॅटॉइड फॅक्टरचा, म्हणजे आयजीजीलाच पकडणाऱ्या अँटिबॉडीचा. हे लक्षात ठेवा, कारण हाच रुमॅटॉइड फॅक्टर पुढे आपल्याला चकवणार आहे.

सामान आणणं

साधे, कुठलाही रासायनिक गट न जोडलेले पॉलिस्टायरीन बीड्स घ्या, व्यास ०.८ मायक्रॉन, सहसा १० टक्के घट्ट (१०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम बीड्स). फार लहान बीड्सच्या गुठळ्या डोळ्यांना दिसायला वेळ लागतो, फार मोठे आपोआप तळाशी बसतात. स्लाइडसाठी ०.८ च्या आसपासचा आकार चांगला चालतो.

अँटिबॉडी शेळीत बनवलेली, मानवी सीआरपीविरुद्धची, पॉलिक्लोनल (लक्ष्याला अनेक ठिकाणी पकडणाऱ्या अँटिबॉडींचं मिश्रण) आणि शुद्ध केलेली हवी. ऑर्डर देण्याआधी डेटाशीट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. बऱ्याच बाटल्यांत अँटिबॉडी टिकावी म्हणून बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन), जिलेटिन किंवा ग्लिसरॉल घातलेलं असतं. पॉलिस्टायरीनला कुठलंही प्रथिन चिकटतं, त्याला अँटिबॉडीची निवड नसते. बाटलीत एक मिलिग्रॅम अँटिबॉडीबरोबर दहा मिलिग्रॅम बीएसए असेल, तर बीडवर बीएसएच बसेल. मग थेंब कितीही हलवा, गुठळी होणार नाही आणि कारणही सापडणार नाही. ‘कॅरियर प्रोटीनशिवाय’ असं स्पष्ट लिहिलेलीच बाटली मागवा.

सोबत सामान्य शेळीचं आयजीजी घ्या, म्हणजे लसीकरण न केलेल्या शेळीचं. विद्यार्थी यादीतून पहिल्यांदा हेच खोडतात. ते खोडू नका, त्याशिवाय पुढचा कुठलाच निकाल सांगता येणार नाही.

बाकीचं सामान साधं: बोरिक अ‍ॅसिड, ग्लायसिन, मीठ, सोडियम हायड्रॉक्साइड, बीएसए, सोडियम अझाइड, दीड मिलिलिटरच्या ट्यूब, सेंट्रिफ्यूज, बाथ सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी गोळे सोडवणारं पाण्याचं भांडं), काळी स्लाइड किंवा काळ्या कागदावर ठेवलेली काचेची स्लाइड. डिस्टिल्ड पाणी ताजं घ्या आणि बाटल्याही त्यानेच शेवटी विसळा. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी प्यायला ठीक आहे, इथे नको. कोटिंग न झालेले बीड्स एकमेकांपासून दूर राहतात ते पृष्ठभागावरच्या ऋण भारामुळे. पाण्यातले क्षार, विशेषतः कॅल्शियम, हा भार झाकतात आणि बीड्स आपापले गोळा होतात.

म्हणूनच कोटिंगच्या बफरमध्ये मीठ घालू नका. ५० मिलिमोलर बोरेट, पीएच ८.५ बनवा: ५०० मिलिलिटरला १.५५ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड, पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने वर आणायचा. साठवणीचा बफर वेगळा: ०.१ मोलर ग्लायसिन, ०.१५ मोलर मीठ, पीएच ८.२, त्यात ०.१ टक्का बीएसए आणि ०.०५ टक्के अझाइड. ५०० मिलिलिटरला ग्लायसिन ३.७५ ग्रॅम आणि मीठ ४.४ ग्रॅम लागतं. कोटिंग झालेल्या बीडला मीठ सोसतं, कारण आता त्याच्यावर प्रथिनाचा थर असतो.

अझाइड विषारी आहे. ग्लोव्हज घालून तोला, आम्लाच्या जवळ नेऊ नका (विषारी वायू सुटतो) आणि सिंकमध्ये ओतू नका. शिशाच्या किंवा तांब्याच्या पाइपात साचून त्याचे स्फोटक क्षार बनतात.

किती अँटिबॉडी लागेल: कागदावरचा हिशेब

एक ग्रॅम बीड्सचं एकूण क्षेत्रफळ काढायला ६ ला घनता आणि व्यास यांच्या गुणाकाराने भागा. पॉलिस्टायरीनची घनता १.०५, व्यास ०.८ मायक्रॉन. उत्तर साधारण ७.१ चौरस मीटर. एका ग्रॅम पावडरीचा पृष्ठभाग एका छोट्या खोलीच्या फरशीएवढा! एका चौरस मीटरवर आयजीजीचा एक थर बसायला सुमारे २.५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे ग्रॅमला जवळपास १८ मिलिग्रॅम, आणि १० मिलिग्रॅम बीड्सना १८० मायक्रोग्रॅम.

हा आकडा सुरुवातीचा अंदाज आहे. प्रत्यक्षात कमी थर देणारा बीड कधी चांगला काम करतो, कारण गर्दी झाली की अँटिबॉडीचे हात अडतात. म्हणून एकच ट्यूब न करता अर्धा, पूर्ण आणि दुप्पट अशा तीन करा. चौथीत सामान्य शेळीचं आयजीजी, पूर्ण मात्रेत. अँटिबॉडी महाग असते, त्यामुळे पहिली चाचणी पाचव्या हिश्श्याने घ्या: प्रत्येक ट्यूबमध्ये २ मिलिग्रॅम बीड्स, अँटिबॉडी १८, ३६ आणि ७२ मायक्रोग्रॅम, एकूण आकारमान २०० मायक्रोलिटर.

पहिला दिवस: कोटिंग

बीड्सची बाटली आडवी लोळवत हलवा, फेस होऊ देऊ नका. कंपनीकडून येताना त्यात साबणासारखा पदार्थ असतो, तो बीडची जागा अडवतो. चार ट्यूबना पुरेल म्हणून १० टक्क्यांच्या बाटलीतले १०० मायक्रोलिटर घ्या (यात १० मिलिग्रॅम बीड्स असतात), एक मिलिलिटर बोरेटमध्ये मिसळा, ३००० जी वर १५ मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढा. असं दोनदा. मग ५०० मायक्रोलिटर बोरेटमध्ये मोकळे करा आणि लगेच पुढे जा. साबण गेलेले उघडे बीड्स जास्त वेळ ठेवण्याजोगे नसतात.

इथे जी म्हणजे जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर), आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे. रोटरची त्रिज्या ८ सेंटिमीटर असेल तर ३००० जी साठी सुमारे ५८०० आरपीएम लागतात. तुमच्या रोटरची त्रिज्या मोजा आणि आकडा सेंट्रिफ्यूजवर चिकटवून ठेवा. फार जोरात फिरवलं की पेलेट (तळाशी बसलेला बीड्सचा थर) दगडासारखी होते आणि ती सुटत नाही.

आता मुख्य पायरी. प्रत्येक ट्यूबमध्ये आधी अँटिबॉडी १०० मायक्रोलिटर बोरेटमध्ये तयार ठेवा. व्होर्टेक्स (ट्यूब घुसळणारं यंत्र) हळू चालू ठेवून त्यात १०० मायक्रोलिटर बीड्स एका दमात सोडा. बीड्स अँटिबॉडीत घालायचे, अँटिबॉडी बीड्समध्ये थेंबथेंब घालायची नाही. थेंबथेंब घातलं तर पहिल्या बीड्सना सगळं मिळतं आणि उरलेले अर्धे उघडे राहतात. ते उघडे बीड्सच पुढे खोट्या गुठळ्या करतात.

खोलीच्या तापमानाला दोन तास हळू फिरू द्या, मग रात्रभर ४ अंशांवर ठेवा. ‘खोलीचं तापमान’ म्हणजे प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांच्या मनात २५ अंश असतात. एप्रिल-मेमधल्या नागपुरात कूलरच्या खोलीतही ते असतंच असं नाही. एसीची खोली मिळत नसेल तर हे काम सकाळी सातला सुरू करा.

दुसरा दिवस: धुणं, झाकणं, साठवणं

सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी फेकू नका. ते स्वच्छ ट्यूबमध्ये काढा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजा. एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आयजीजी साधारण १.४ रीडिंग देतं. पूर्ण मात्रेच्या ट्यूबमध्ये सुरुवातीला ०.१८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर होतं, म्हणजे ०.२५ च्या आसपास. आता रीडिंग जितकं खाली, तितकी अँटिबॉडी बीडवर बसली. मात्र त्याच पाण्याचं रीडिंग ४०० नॅनोमीटरवरही घ्या. तिथे प्रथिन शोषत नाही, त्यामुळे आकडा शून्याजवळ यायला हवा. नसेल तर पाण्यात बीड्स राहिले आहेत आणि ते प्रकाश विखुरून २८० चा आकडा फुगवतायत. पुन्हा फिरवा. हे मोजमाप बीएसए घालण्याआधीच करायचं, नंतर त्याला अर्थ नाही.

पेलेटवर आधी फक्त ५० मायक्रोलिटर बोरेट घालून पिपेटने मोकळी करा, मग १ टक्का बीएसए असलेलं बोरेट घालून २०० पर्यंत न्या. सगळं एकदम ओतलं तर गोळे तसेच तरंगतात. तासभर फिरवा. उरलेली मोकळी जागा बीएसए भरून काढतो. नंतर एकदा धुऊन साठवणीच्या बफरमध्ये २०० मायक्रोलिटर करा. बर्फाच्या पाण्यात ट्यूब धरून बाथ सॉनिकेटरमध्ये दहा-दहा सेकंद, दोन-तीनदा.

ट्यूबवर तारीख, बीडचा लॉट, अँटिबॉडीचा लॉट आणि मात्रा लिहा. नुसतं ‘लेटेक्स २’ लिहिलेल्या ट्यूब पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्याला उपयोगाच्या नसतात.

मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

एक मायक्रोलिटर बीड्स शंभरपट पातळ करून कव्हरस्लिपखाली ४० च्या ऑब्जेक्टिव्हने पाहा, कंडेन्सर थोडा खाली करून. चांगल्या कोटिंगमध्ये प्रत्येक कण सुटा असतो आणि जागच्या जागी थरथरत असतो. कडेला एखादी जोडी दिसली तर चालते. द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके मात्र चालत नाहीत. पुंजके दिसले तर पुन्हा सॉनिकेट करा, तरी सुटले नाहीत तर ती ट्यूब टाकून द्या. ज्या बीड्सना मुळातच जमायची सवय आहे त्यांच्या गुठळीतून काहीही सिद्ध होत नाही. माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच आहे आणि बहुतेक छापील प्रोटोकॉलमध्ये ती एका ओळीत उरकलेली असते.

स्लाइडवर

पहिली तालीम किटमधल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोलवर (निकाल आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवर) करा. पेशंटचं सिरम वापरायचं तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी हवी. किटचे कंट्रोलही बहुतेक वेळा मानवी सिरमचेच असतात, त्यामुळे ग्लोव्हज दोन्ही वेळा घालायचे. टिप्स लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात. आणि हे घरचे बीड्स शिकण्यासाठी आहेत, त्यांच्यावरून कुणाला रिपोर्ट द्यायचा नाही.

सिरमच घ्या, प्लाझ्मा नको, कारण त्यातला फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) उगाच गुठळ्या करतो. फार तेलकट किंवा रक्त फुटलेला नमुनाही बाजूला ठेवा.

बीड्स आणि नमुने फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. २० मायक्रोलिटर सिरम, शेजारी २० मायक्रोलिटर बीड्स, काडीने मिसळून दीड सेंटिमीटरचं वर्तुळ करा. स्लाइड हळू गोल हलवत टायमरने दोन मिनिटं मोजा आणि बरोबर दोन मिनिटांनी वाचा. नंतरचं वाचन धरायचं नाही.

दर वेळी किमान हे थेंब हवेत: तुमचे बीड्स आणि पॉझिटिव्ह; तुमचे बीड्स आणि निगेटिव्ह; तुमचे बीड्स आणि नुसता बफर; सामान्य शेळीच्या आयजीजीचे बीड्स आणि जो नमुना तपासताय तोच. शेवटच्या थेंबाकडे नीट बघा. एखाद्या नमुन्यात रुमॅटॉइड फॅक्टर असेल तर तो अँटिबॉडीचं शेपूट पकडतो, सीआरपी असो वा नसो. तुमचे बीड्स गुठळतील आणि तुम्ही पॉझिटिव्ह लिहाल. सामान्य आयजीजीचे बीड्सही त्याच नमुन्यात गुठळले, तर ती गुठळी सीआरपीची म्हणता येत नाही.

मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. आकडा देशभर फिरला, आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. शहरातल्या दुसऱ्या केंद्रांचे आकडे शेजारी होते म्हणून ते कळलं. स्लाइडवर शेजारचा थेंब त्याच कामासाठी असतो.

नागपूरचा उन्हाळा

इथली कोरडी हवा हा या तपासणीचा मोठा शत्रू आहे. ४० मायक्रोलिटरचा पसरलेला थेंब मेच्या दुपारी पंख्याखाली दोन मिनिटांतच कडेने सुकू लागतो. सुकताना कडेला पांढरी दाणेदार रेघ उमटते आणि ती हुबेहूब गुठळीसारखी दिसते. खरी गुठळी थेंबभर असते, मधलं पाणी स्वच्छ होत जातं. सुकण्याची रेघ फक्त कडेला असते आणि बफरच्या थेंबातही येते. पंखा आणि कूलर बंद करा. पेट्रीडिशच्या झाकणात ओला फिल्टर पेपर लावून ते स्लाइडवर उपडं ठेवा आणि त्यासकट हलवा. एका वेळी चारपेक्षा जास्त थेंब घेऊ नका.

कुरियरचाही विचार करा. अँटिबॉडी आणि बीड्स बहुधा मुंबई-पुण्याकडून किंवा त्याहून दुरून येतात. शनिवारी संध्याकाळी गोदामात पडलेला डबा सोमवारी दुपारी हातात आला तर जेल पॅक गरम झालेला असतो. माल सोमवारी निघेल असं पाहा आणि डबा आल्याबरोबर आतलं तापमान नोंदवा. उलटा धोकाही आहे: गोठलेला जेल पॅक बाटलीला थेट टेकला तर बीड्स गोठतात. गोठून वितळलेले बीड्स कायमचे चिकटतात, सॉनिकेटरही त्यांना सोडवत नाही. साध्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या बाटलीचंही तेच होतं. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, किमान-कमाल थर्मामीटरच्या शेजारी ठेवा. वीज जाऊन आली की पहिलं तापमान बघा.

खूप सीआरपी असूनही निगेटिव्ह

जंतुसंसर्ग जोरात असेल तर सीआरपी ३०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर जाऊ शकतं. एवढं लक्ष्य असलं की प्रत्येक बीडवरच्या प्रत्येक अँटिबॉडीला स्वतःचा वेगळा रेणू मिळतो. दोन बीड्सना एक रेणू वाटून घ्यायची गरज उरत नाही, पूल बांधले जात नाहीत आणि थेंब दुधाळच राहतो. याला प्रोझोन म्हणतात. सगळ्यात आजारी माणसाचा नमुना निगेटिव्ह दिसावा हे फार धोक्याचं आहे. त्यामुळे प्रत्येक नमुना जसाच्या तसा आणि दहापट पातळ करून, असा दोनदा तपासायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पातळ करण्यातूनच अंदाजे प्रमाणही कळतं. सलाइनमध्ये १:२, १:४, १:८, १:१६ अशी मालिका करा. किटच्या लेटेक्सची संवेदनशीलता, म्हणजे गुठळी दिसायला लागणारं किमान प्रमाण, सहसा ६ मिलिग्रॅम प्रति लिटर असते. शेवटची स्पष्ट गुठळी १:१६ ला दिसली तर १६ गुणिले ६, म्हणजे सुमारे ९६. तुमच्या बीड्सची संवेदनशीलता ६ असेलच असं नाही. प्रमाण माहीत असलेला कंट्रोल पातळ करत जाऊन ती स्वतः शोधा, आणि तीन मात्रांपैकी जी ट्यूब सगळ्यात पातळ पायरीपर्यंत गुठळी देते पण बफर आणि निगेटिव्हमध्ये गुळगुळीत राहते, ती निवडा. नुसती जास्त गुठळी देणारी ट्यूब निवडायचा मोह होतो. तिचा बफरचा थेंब आधी पाहा.

निवडलेली मात्रा घेऊन मगच १० मिलिग्रॅम बीड्सची मोठी बॅच करा. ती ४ अंशांवर ठेवून दर आठवड्याला पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि बफर असे तीन थेंब पाहून वहीत नोंदवा. ज्या आठवड्यात बफरच्या थेंबात पहिला दाणा दिसेल, त्या दिवशी ती बॅच बंद करा आणि नवी लावा.